गाडीला घाट माहीत असतो काय?

कांहीं शब्दांच्या नशिबीं असें येतें कीं, ते ज्या वस्तूसाठीं जन्मास येतात तिच्या अगदीं उलट अर्थानें लोकांच्या तोंडीं रुळतात. मोटारीच्या विद्येंतील ‘ओव्हरड्राइव्ह’ हा त्यांतलाच एक. एखादा मनुष्य परीक्षेच्या किंवा लग्नकार्याच्या धांदलींत रात्रंदिवस राबूं लागला म्हणजे, तो ओव्हरड्राइव्हमध्यें गेला आहे, असें इंग्रजी शिकलेले लोक म्हणतात. त्यांच्या मनांत अतिश्रमाचें चित्र असतें. प्रत्यक्ष गाडींत मात्र या शब्दाचा अर्थ जवळजवळ विश्रांति असा आहे. चाकें पूर्वीच्याच वेगानें धांवत असतात आणि इंजिन तेवढें संथ होतें.

हें कसें घडतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यावरच उभा आहे. उभी गाडी जागची हलवावयास पुष्कळ बळ लागतें, वेग फारसा लागत नाहीं. म्हणून पहिल्या गिअरमध्यें इंजिनाचे कित्येक फेरे होतात तेव्हां पुढच्या दांड्याचा एक फेरा होतो. गाडीनें वेग घेतला कीं बळाची गरज कमी होत जाते आणि हें प्रमाण उतरत उतरत एकास एकावर येतें. ओव्हरड्राइव्ह ही त्याच्याही पलीकडची पायरी होय. तेथें इंजिनाचा एक फेरा पुरा होण्याच्या आंतच दांड्याचा एक फेरा झालेला असतो. समजा, एकास एक या प्रमाणांत इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत आहे, ०.७ च्या ओव्हरड्राइव्हमध्यें गाडीच्या त्याच वेगाला त्याला २१०० पुरतात. पेट्रोल वांचतें, आवाज निवतो, यंत्राची झीज कमी होते. स्वयंचलित गाडींत हें काम ज्या दंतचक्रांकडून होतें त्यांची रचना मोठी मौजेची आहे. मधल्या चक्राला सूर्य म्हणतात. त्याच्या भोंवतीं लहान चक्रें फिरतात, ते ग्रह. आणि त्या सर्वांना वेढून एक दांतेरी कडें असतें. सूर्याला जखडून ठेवावें आणि ग्रहांची फिरकी इंजिनाला जोडावी, म्हणजे बाहेरचें कडें तिच्याहून अधिक वेगानें फिरूं लागतें. कोपर्निकस ही पेटी पाहून खास संतुष्ट झाला असता.

मात्र जितकी गति मिळाली तितकें बळ गेलेलें असतें. सपाट रस्त्यावर तें गेल्याचें कोणास कळत नाहीं. चढावर कळतें, आणि उतारावर फार उशिरां कळतें.

गिअर बदलण्याचें काम चालकाच्या हातून काढून घेणारी, मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली पेटी अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९३९ सालीं, पुढल्या सालच्या ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठीं, बाजारांत आणली. आपल्याकडे मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या आटोक्यांत ही सोय यावयास त्यानंतर पाऊण शतक जावें लागलें. २०१४ सालीं मारुतीची सेलेरिओ निघाली तेव्हांपासून ‘डावा पाय मोकळा’ हें सुख पुण्याच्या पेठांतून सर्रास दिसूं लागलें. चार गिअरांच्या पुष्कळ स्वयंचलित गाड्यांत दांड्याच्या मुठीवर एक लहानसें बटण असतें. तें दाबलें कीं समोर एक पिवळी बत्ती लागते आणि गाडी सर्वांत वरचा गिअर घेण्याचें थांबते. ज्यांत सहा किंवा आठ गिअर असतात अशा नव्या गाड्यांत हें बटण बहुधा नसतें. तेथें दांडा दुसऱ्या खुणेवर नेऊन तोच हेतु साधावा लागतो. माझ्या गाडीला बटण होतें. तें कशासाठीं आहे हें मीं तीन वर्षें विचारलें नव्हतें.

माघ महिन्यांत मी आईला घेऊन महाडास निघालों होतों. कापूरहोळाशीं हमरस्ता सोडला, भोर मागें टाकलें, नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनें वरंध घाटाच्या माथ्याशीं आलों. पावसाळ्यांत हा घाट जड वाहनांना पुष्कळदां बंद असतो. त्या दिवशीं ऊन स्वच्छ होतें आणि दरी तळापर्यंत दिसत होती. वाघजाईच्या देवळापाशीं चहा घेतला आणि कोंकणच्या बाजूनें उतरूं लागलों. गाडी फार सुरेख चालली होती. प्रवेगकावरून पाय काढला कीं तिला वाटे, आतां भार नाहीं, बळाचें काम नाहीं. आणि ती शहाण्या नोकराप्रमाणें मुकाट्यानें वरचा गिअर घेई. इंजिनाचा आवाज इतका मंद होता कीं, आई म्हणाली, “किती शांत गाडी आहे रे!” त्या शांततेंतच प्रत्येक वळणावर माझा पाय ब्रेकवर होता. चारपांच वळणें गेल्यावर जळल्यासारखा वास आला. आणखी एका वळणावर ब्रेक दाबला तो नेहमींहून खोल गेला. तेव्हां छातींत जें धस्स झालें तें शब्दांत सांगतां येत नाहीं. सुदैवानें डोंगराच्या अंगाला थोडी रुंद जागा होती. तेथें गाडी कशीबशी उभी केली.

मागून एक टेम्पो आला. त्यांत चालकाशेजारीं एस. टी.त उभा जन्म काढून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. ते खालीं उतरले, चाकाजवळ नुसता हात नेऊन त्यांनीं धग पाहिली, आणि मी पाण्याची बाटली घेऊन पुढें झालों तसा माझा हात धरला.

“पाणी नका ओतूं, तापलेलं लोखंड आहे, वांकडं होईल. आपलं आपण निवूं द्या. कोणत्या गिअरमध्यें उतरत होतात, दादा?”

“मामा, गाडी स्वयंचलित आहे. गिअर ती आपला आपण घेते.”

“ती घेते खरी,” ते म्हणाले, “पण तिला घाट माहीत आहे का?”

मग त्यांनीं आईकडे वळून, “आई, घाबरूं नका, अर्ध्या तासानं निघा,” असें सांगितलें, आणि ज्या गिअरनें चढायचें त्याच गिअरनें उतरायचें, हा आपल्या धंद्याचा जुना नियम मला ऐकवून ते निघून गेले.

त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशीं त्या वेळीं उत्तर नव्हतें. एक उत्तर मात्र जिभेवर आलें होतें, आणि तेंच मला पुढें फार दिवस टोंचत राहिलें. तें उत्तर म्हणजे, ‘मीं कांहीं केलें नाहीं, गाडीनेंच तसें केलें.’ हें वाक्य खोटें नव्हतें. गाडीनेंच वरचा गिअर घेतला होता. खालच्या गिअरमध्यें इंजिन चाकांना मागें ओढून धरतें आणि ब्रेकचा अर्धा भार उचलतें, तो आधार तिनेंच सोडून दिला होता. तरी त्या वळणावर मागल्या आसनावर माझी आई होती, आणि तिनें विश्वास टाकला होता तो दंतचक्रांवर टाकला नव्हता.

स्वयंचलित वस्तूंवर सरसकट रागावणाऱ्यांपैकीं मी नाहीं. हृदय आपोआप चालतें म्हणून आपण त्याला दोष देत नाहीं. याच भोरजवळ भाटघरच्या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला चढलें कीं ते उघडतात. अशा दरवाजांची युक्ति विश्वेश्वरय्यांनीं १९०३ सालीं खडकवासल्याला प्रथम बसविली. मध्यरात्रीं पुराच्या वेळीं झोपेला आलेल्या पहारेकऱ्यापेक्षां तो दरवाजा अधिक भरंवशाचा, हें कोणीही कबूल करील. पण दरवाजाला जाणावयाचें असतें तें एकच, पाण्याची पातळी. आणि ती त्याला पुरी कळते. दरवाजे उघडल्यावर नीरेच्या काठच्या गांवांना सावध करण्याचें काम मात्र माणसेंच करतात. तें काम दरवाजाकडे सोंपविलें आहे, असें कोणत्याही अभियंत्यानें अद्याप म्हटलेलें ऐकिवांत नाहीं.

माझ्या गाडीला वेग कळत होता, पायाचा दाब कळत होता. पुढचें वळण तिला दिसत नव्हतें, तें मला दिसत होतें. ज्याला दिसतें त्यानें, न दिसणाऱ्याच्या हातीं निर्णय देऊन, परिणामाच्या वेळीं त्याच्याकडे बोट दाखवावें, हा व्यवहार नीतीच्या दृष्टीनें कसा काय टिकतो? यावर कोणी म्हणेल कीं, आतां उतार ओळखून खालचा गिअर आपण होऊन घेणाऱ्या गाड्याही निघाल्या आहेत. उद्यां त्यांना वळणही दिसेल आणि हा प्रश्नच उरणार नाहीं. गाडीचें अज्ञान उरणार नाहीं, हें खरें. पण ज्ञान आणि जबाबदारी या दोन वस्तु नेहमीं एकाच हातांतून दुसऱ्या हातांत जातात असें मला वाटत नाहीं. सर्व कांहीं जाणणारें यंत्र चुकलें तर त्याला पश्चात्ताप कोठून व्हावा? आणि ज्याला पश्चात्ताप होऊं शकत नाहीं त्याला जबाबदार म्हणणें हा शब्दांचा खेळ आहे.

उलट टोंकालाही एक शहाणपण आहे, त्याचाही हिशोब केला पाहिजे. घाटांतला माझा प्रसंग ऐकून माझ्या एका स्नेह्यांनीं तें बटण कायमचें दाबून ठेविलें. आतां नसरापुराहून पुण्याकडे सरळ रस्त्यानें येतांनाही त्यांचें इंजिन उगाच किंचाळत असतें आणि पेट्रोल जळत असतें. भीतीनें एकदां घेतलेला निर्णय पुन्हां न तपासणें हीसुद्धां स्वयंचलित होण्याचीच एक तऱ्हा नव्हे काय? तिसरे आमचे एक काका. ते उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें घालीत आणि ती काटकसर समजत. कार्बुरेटरच्या काळीं त्यांत थोडेंफार तथ्य होतें. हल्लींच्या गाड्यांत मात्र गिअर असतांना पाय उचलला कीं पेट्रोल बहुतेक तुटतें, आणि न्यूट्रलमध्यें इंजिन जागें ठेवण्यासाठीं तें चालूच राहतें. म्हणजे काका धोका पत्करून वर पैसेही घालवीत होते. काकांचा हेतु चांगला होता, हें खरेंच. पण उतरणीवर हेतूला वजन नसतें.

मला अधिक विचार करावयास लावलें तें वेगळ्याच गोष्टीनें. ओव्हरड्राइव्हमध्यें गाडी सुरू करतां येत नाहीं. कोणीतरी आधीं पहिल्या, दुसऱ्या गिअरमध्यें जड इंजिन ओढलेलें असतें, तेव्हां पुढची ही संथ धांव मिळते. माझे आजोबा वेल्ह्याकडील (त्या तालुक्याला आतां राजगड हें नांव मिळालें आहे) एका खेड्यांतून शिकण्यासाठीं पुण्यास पायीं आले, वार लावून जेवले. वडिलांनीं नोकरी करून घर बांधलें. मीं त्या घराच्या गच्चीवर झाडें लावलीं. आमच्या वर्गांतील पुष्कळ कुटुंबांची हीच कथा आहे, आणि तींत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. दोन पिढ्यांनीं वेग दिला तो तिसरीनें सुखानें भोगावा, यासाठींच तो दिला होता. खटकतें तें निराळेंच. घरांत आजारपण आलें, नोकरी गेली, मूल बिघडलें, म्हणजे चढ किंवा उतार लागला, तरी आम्हांला खालचा गिअर घेणें कमीपणाचें वाटतें. इंजिनाचा आवाज शेजाऱ्यांना ऐकूं जाईल म्हणून आम्ही शांत गाडी दाखवीत राहतों आणि आंतल्या आंत ब्रेक जाळतों. वेल्ह्याच्या रस्त्यावर उतरणीला लागलेली बैलगाडी मीं लहानपणीं पाहिली आहे. बैल मान ताठ करून, मागचे पाय रोवून भार अंगावर घेत आणि एक एक पाऊल टाकीत. त्या चालींत डौल मुळींच नव्हता, आणि गाडीवानाला त्याची खंतही नव्हती.

महाडाहून चार दिवसांनीं आम्ही त्याच वाटेनें परतलों. घाट लागण्यापूर्वींच मीं बटण दाबलें. इंजिन मोठ्यानें बोलूं लागलें. आई कांहीं वेळ त्या पिवळ्या बत्तीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “कांहीं बिघडलं आहे का रे?” मीं “नाहीं” म्हटलें. माथा ओलांडून भोरच्या बाजूचीं वळणें उतरतांना ब्रेकला फारसें काम पडलें नाहीं. कापूरहोळाला हमरस्ता मिळाला तेव्हां मीं पुन्हां बटण दाबलें. बत्ती मावळली, आवाज निवला. आईला तोपर्यंत झोप लागली होती.