कालीची जांभई : विनोद आणि आत्महत्येचा नैतिक प्रश्न

आत्महत्या हा विषय शोकात्मिकेच्या हक्काचा आहे, असे आपण फारसा विचार न करता मानतो. विनोदाने या विषयाला हात घातला की दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला असा, की येथे दुःखिताची थट्टा होते. दुसरा असा, की मरू पाहणाऱ्याला परावृत्त करण्याचा हेतू असेल तर कलाकृती बोधपर होते आणि विनोद त्या बोधाचे साखरेचे आवरण ठरतो. पहिला आक्षेप नीतीचा आहे, दुसरा कलेचा. मात्र दोन्ही आक्षेपांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : मरणाच्या निश्चयाला हसण्याचा अधिकार कोणाला, आणि नेमके कशाला हसण्याचा? गिरीश कार्नाड यांच्या 'हयवदन' या १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या कन्नड नाटकाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येईल. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या अनुवादामुळे आणि विजया मेहता यांच्या प्रयोगामुळे मराठी वाचकालाही हे नाटक परके नाही.

प्रसंग सर्वपरिचित आहे. कालीच्या देवळात देवदत्त स्वतःचे मस्तक अर्पण करतो. त्याला शोधत आलेला कपिलही त्याच वाटेने जातो. अंधारात चाचपडत आलेली पद्मिनी दोघांची कलेवरे पाहते. 'हिच्यासाठी दोघे भांडून मेले' असे लोक म्हणतील, हे ओळखून तीही तलवार उचलते. येथपर्यंतची सामग्री करुणाची आहे. तेवढ्यात देवी तिला दरडावून थांबवते. प्रकट होताना तिने पसरलेले मुख हे रौद्राचे नसून जांभईचे आहे, हे प्रेक्षकाच्या ध्यानात येते आणि तो हसतो. झोपमोड झालेली ही देवी कंटाळलेली आहे, किंचित चिडलेलीही आहे. मूळ वेताळकथेतही देवी स्त्रीला मरणापासून परावृत्त करते. तिथली देवी प्रसन्न होते, कार्नाडांची देवी मात्र डोळे चोळत उठते. अद्भुताचे हास्यात झालेले हे रूपांतर नाटककाराचे स्वतःचे आहे.

हास्याविषयीचा आपला शास्त्रविचार येथे उपयोगी पडतो आणि अडचणही निर्माण करतो. भरताने शृंगारापासून हास्याची उत्पत्ती सांगितली. अभिनवगुप्ताने त्या विचाराचा विस्तार करून असे प्रतिपादले, की केवळ शृंगाराचाच नव्हे, तर करुणादी सर्व रसांचा आभास हास्याला कारण होऊ शकतो, कारण अनौचित्य हेच हास्याचे बीज आहे. हे मान्य केले तर आत्महत्येच्या प्रसंगी हसणारा प्रेक्षक अप्रत्यक्षपणे एक निवाडा देत असतो, की समोरचा शोक खरा नसून शोकाभास आहे. हा निवाडा भयंकर आहे. दुःखिताला 'तुझे दुःख खोटे आहे' असे सांगण्याइतकी दुसरी क्रूरता नाही, आणि अनेकदा नेमके हेच ऐकून माणूस कड्याच्या टोकाशी आलेला असतो. विनोदाविरुद्धचा नैतिक आक्षेप त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचा तर तो असा मांडावा लागेल.

परंतु काली कशाला हसते, हे नीट पाहिले पाहिजे. देवदत्ताने मस्तक अर्पिले ते जुन्या नवसाची पूर्तता म्हणून. कपिलाने ते मैत्रीखातर दिले. देवीचे म्हणणे असे, की दोघेही अखेरपर्यंत खोटे बोलले. कपिलाला खरे तर खुनाच्या आळाची भीती होती. स्वतःपुरते का होईना, पण खरे बोलली ती एकटी पद्मिनी. म्हणजे देवीचा उपहास व्यथेवर नाही, तर व्यथेने पांघरलेल्या भाष्यावर आहे. मत्सर खरा होता, एकाकीपण खरे होते, लोकापवादाचे भयही खरे होते. आभासात्मक होते ते या सर्वांना बलिदानाचे नाव देऊन त्यांतून काढलेले अंतिम अनुमान. 'मी दुःखी आहे' हे विधान अनुभवाचे आहे, तर 'म्हणून आता काहीच उरले नाही' हे विधान भविष्याविषयीचे आहे, आणि भविष्याविषयी कोणाही मर्त्याला इतकी खात्री शोभत नाही. अनौचित्य असेल तर ते या खात्रीत आहे. दुःखाचा मान राखून त्याच्या अंतिमत्वाच्या दाव्याला हसणे, एवढाच विनोदाचा नैतिक अधिकार होय.

याच काळातील कन्नड चित्रपट शेजारी ठेवला की हा फरक अधिक स्पष्ट होतो. त. रा. सु. यांच्या कादंबऱ्यांवर पुट्टण्णा कणगाल यांनी बेतलेला 'नागरहावू' (१९७२) शेवटी रामाचारी आणि मार्गारेट यांना मृत्यूच्या स्वाधीन करतो. धर्मभेद मानणाऱ्या समाजाला तेथे दिलेले उत्तर म्हणजे मरण, आणि कॅमेरा त्या उत्तराला भव्यता देतो. त्या भव्यतेत प्रेक्षक नकळत संमती देतो. शोकनाट्य अंतिमत्वावर शिक्कामोर्तब करते, विनोद त्याला मुदतवाढ मागतो. मोझार्टच्या 'जादूची बासरी' (१७९१) या संगीतिकेतील पापागेनो मरणापूर्वी तीन आकडे मोजतो, आणि कोणी हाक मारील या आशेने मोजताना रेंगाळतो. तीन बालके येऊन त्याला त्याच्याच जवळच्या घंटांची आठवण करून देतात. व्हिएन्नातील संशोधकांनी २०१० साली वृत्तपत्रीय मजकुराचा अभ्यास केला. मरणाचा विचार येऊनही सावरलेल्या माणसांच्या वृत्तांताशी आत्महत्यांची घट निगडित असल्याचे त्यांना दिसले, आणि या परिणामाला त्यांनी पापागेनोचेच नाव दिले. शोकनायकाऐवजी विदूषकाचे नाव शास्त्राला घ्यावेसे वाटले, ही गोष्ट साहित्यविचाराने दुर्लक्षू नये.

तथापि कार्नाडांचे नाटक येथेच थांबत नाही, आणि म्हणूनच ते बोधकथा होत नाही. पद्मिनीच्या हातून मस्तकांची अदलाबदल होते, आणि तेवढ्यावर शेरा मारून देवी निघून जाते. जीव वाचले, परंतु ज्या तिढ्यातून मरण आले होते तो तसाच राहिला. उत्तरार्धात दोघे पुरुष एकमेकांना मारतात आणि पद्मिनी चिता मागते. या वेळी कोणी दरडावत नाही. थांबवणारी शक्ती एकदाच जागी झाली होती. थांबवणे म्हणजे वाचवणे नव्हे, हे या रचनेचे कठोर म्हणणे आहे.

आपल्या कायद्याचा इतिहासही याच मुद्द्याभोवती फिरला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तसाच निर्णय दिला आणि १९९६ साली घटनापीठाने तो फिरवला. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने, उलट सिद्ध न झाल्यास, अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असे गृहीत धरून तिच्या काळजीचे, उपचारांचे आणि पुनर्वसनाचे कर्तव्य शासनावर टाकले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते सर्वसाधारण कलम उरलेले नाही. दरडावण्याकडून जबाबदारीकडे झालेला हा प्रवास आहे. दरडावून पुन्हा झोपी जाणारी सत्ता कालीसारखीच असते, आणि तिची जांभई दुसऱ्यांदा हास्यास्पद वाटत नाही.

मग विनोद अपुरा ठरला काय? नाटकाच्या शेवटी पद्मिनीचा मुलगा येतो. हा मुलगा हसत नाही, बोलत नाही, बाहुल्या उराशी धरून बसतो. आईच्या मरणाची ही मागे उरलेली बाकी आहे. त्याला कोणी उपदेश करत नाही. मनुष्यवाणीने छळलेला हयवदन हा घोडा गातो, हसतो, आणि ते विचित्र हसू ऐकून मुलगा हसू लागतो. त्या मुलाच्या हसण्याबरोबर घोड्यालाही त्याची खरी खिंकाळी लाभते. देवीचा विनोद वरून आलेला होता. हा विनोद दोन अपूर्ण जीवांमधला आहे. त्यात कोणी वाचवणारा नाही आणि कोणी वाचलेला नाही, कारण दोघेही एकमेकांमुळे पूर्ण होतात. आत्महत्येला रोखू पाहणाऱ्या विनोदाची कसोटी यातून हाती लागते. तो प्रेक्षकाला दुःखितापासून दूर नेऊन हसवतो की दुःखिताच्या शेजारी बसवून, एवढेच पाहावे. पहिल्या प्रकारचे हसू शोकाभासाचा निवाडा देते. दुसरे निवाडा देत नाही, ते सोबत करते. आणि सोबत ही एका रात्रीत संपणारी गोष्ट नाही.