कारण कोणते आणि दोष कोणाचा?

संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचे सुटे भाग आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांचा कारभार पाहणारे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करताना बिघडली की वापरणाऱ्याच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो कारणाचा, आणि त्याचे उत्तरही बहुधा तयारच असते: काल अपडेट आले, आज संगणक उघडेना, तेव्हा अपडेटनेच घात केला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्याला जबाबदार धरू नये, हे मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. तरीही संगणक कोलमडल्यावर दिसणाऱ्या निळ्या पडद्यासमोर हे शहाणपण टिकत नाही. आधी घडलेल्या गोष्टीला कारण केव्हा म्हणायचे, हा प्रश्न न्यायदर्शनाने फार बारकाईने हाताळलेला आहे.

नैयायिकांच्या मते कार्याच्या आधी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध नसणारे ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे आधी हजर असूनही कार्याला ज्याची गरज नाही असे. विश्वनाथ पंचाननाच्या भाषापरिच्छेदात याची उदाहरणे घटावरून दिली आहेत, आणि त्यांत कुंभाराचा बाप व माती वाहणारे गाढव ही दोन्ही येतात. बापावाचून कुंभार नाही हे खरे, पण घट घडवायला कुंभार पुरतो. गाढव एखाद्या घटाआधी हजर असेल, पण गाढवावाचूनही घट होतात.

नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये यंत्राला जोडलेला जुना संगणक अपडेटनंतर सुरू होताच बंद पडू लागला, तर जाणता तंत्रज्ञ हीच परीक्षा घेतो. ड्रायव्हर म्हणजे कार्यप्रणाली आणि एखादे उपकरण यांच्यात दुभाष्याचे काम करणारा छोटा प्रोग्रॅम. सेफ मोडमध्ये अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर चालू होतात, आणि तिथे संगणक सुरळीत चालला तर दोष वगळलेल्यांपैकी कोणात तरी असावा, असा व्यतिरेकाचा, म्हणजे अमुक नसता बिघाडही नसतो याचा, पुरावा मिळतो. मग एकेक परत आणून पाहायचे: अमुक असता बिघाड असतो, हा अन्वय. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला की हात लगेच ‘रोल बॅक ड्रायव्हर’कडे जातो, पण आधीची आवृत्ती जपलेली नसेल तर ते बटण फिकट दिसते आणि दाबले जात नाही. बंद करून पुन्हा चालू करणे हा सर्वांत लोकप्रिय उपाय, पण त्याने बिघाड गेला तरी कारण कळत नाही; ज्ञानाच्या दृष्टीने तो उपाय वांझोटाच म्हणावा लागेल.

यापुढची अडचण उपाधीची. अग्नी असला की धूर असतोच असे नाही; धुरासाठी ओले सरपण लागते, आणि ही लपलेली अट म्हणजे उपाधी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका फाइलमुळे जगभरातले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले आणि भारतातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची वेळ आली, तेव्हा हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसली. फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला सुटली आणि १०.५७ ला मागे घेतली गेली. कंपनीच्या अहवालाप्रमाणे प्रोग्रॅमचा एक भाग २१ नोंदींची अपेक्षा करत होता आणि त्याला २० च मिळत होत्या. ही विसंगती फेब्रुवारीपासून तशीच होती, परंतु आधीच्या फाइलींत एकविसाव्या नोंदीची तपासणीच होत नसल्याने काही बिघडले नाही. मग कारण कोणते: जुलैची फाइल, फेब्रुवारीतली विसंगती, ती न पकडणारी चाचणी, की फाइल टप्प्याटप्प्याने न पाठवता एकदम सर्वत्र सोडण्याची पद्धत?

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातल्या लेण्यांत एकेकाळी राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेने या प्रश्नाला वेगळे वळण दिले असते. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे प्रत्येक गोष्ट अनेक प्रत्ययांच्या (कारक अटींच्या) आधाराने उत्पन्न होते हा सिद्धांत, सर्वच बौद्ध पंथांना मान्य आहे, आणि त्यात गुन्हेगार हुडकण्यापेक्षा साखळीची कोणती कडी तोडली तर दुःख थांबेल याला महत्त्व आहे. न्यायालाही कारणसामग्री, म्हणजे कारणांचा पूर्ण संच, मान्य आहेच; भेद भर कशावर द्यायचा याचा आहे. दुरुस्ती करणाऱ्याने नैयायिकासारखे एकेक कारण वेगळे काढावे आणि दोष ठरवणाऱ्याने बौद्धांसारखी सारी साखळी पाहावी, हे योग्य. व्यवहारात मात्र उलटेच चालते: दुरुस्ती सरसकट सगळे पुसून केली जाते, आणि दोष शेवटी ज्याचा हात लागला त्या एकट्याच्या माथी मारला जातो.

खंडेनवमीला यंत्राबरोबर संगणकालाही हळदकुंकू वाहणाऱ्या कारखान्यांनी त्याच्याशेजारी एक वही ठेवावी आणि कोणते अपडेट कधी घातले, कोणता ड्रायव्हर कधी बदलला, हे तारखेनिशी लिहावे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला असल्याने जुने संगणक नव्या आवृत्तीवर नेताना अशा नोंदींची गरज अधिकच आहे, कारण त्यांच्यावाचून अन्वय आणि व्यतिरेक लावायला आधारच उरत नाही.