लमाणाचं ओझं

रात्री नाटक संपतं. प्रेक्षक गाड्या काढण्याच्या घाईत असतात आणि नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी वेगळीच लगबग चालू होते. घटकाभरापूर्वी ज्या दिवाणखान्यात एक घर उभं राहिलं आणि मोडलं, त्याच्या भिंती आता सुट्या होऊन एकावर एक रचल्या जातात. कपड्यांच्या ट्रंका येतात, प्रॉपर्टीची पेटी येते. सगळं मोजून गाडीत चढवलं जातं. उद्या दुसऱ्या गावात प्रयोग असतो. तिथे हेच सामान उतरणार, तेच घर पुन्हा उभं राहणार.

हे दृश्य पाहिलं की डॉ. श्रीराम लागू यांच्या आत्मचरित्राचं नाव आठवतं, ‘लमाण’. लमाणांचे तांडे पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. माल पिकवणारा वेगळा, खाणारा वेगळा. लमाणाने तो इथून उचलून तिथे पोहोचवायचा. नटाचं कामही तेच. नाटककाराने जे लिहून ठेवलं, ते प्रेक्षकाच्या दारी नेऊन टाकायचं. ज्यांना उभ्या महाराष्ट्राने ‘नटसम्राट’ म्हणून डोक्यावर घेतलं, त्यांनी स्वतःसाठी निवडलेला शब्द हमालीच्या जवळचा होता.

हा नुसता विनय आहे असं मला पूर्वी वाटायचं. त्यांचं आयुष्य नीट पाहिल्यावर वाटतं, तो विनय नव्हता. ती कामाची चोख व्याख्या होती.

१९२७ साली साताऱ्यात जन्मलेला हा मुलगा पुण्यात डॉक्टर झाला, कान-नाक-घशाचा तज्ज्ञ झाला. शिकत असताना आणि नंतरही पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये भालबा केळकरांबरोबर नाटकं चालूच होती. परदेशी शिक्षण झालं, टांझानियात नोकरी झाली. बस्तान बसलेलं होतं. आणि १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते पूर्ण वेळ नट झाले. ज्या वयात माणसं मुलांच्या शिक्षणाचा आणि घराच्या हप्त्यांचा हिशेब मांडतात, त्या वयात त्यांनी चालती डॉक्टरकी सोडून रंगमंचावर भरवसा ठेवला. बैल जुंपायचा तर पुऱ्या वाटेसाठी जुंपायचा, अर्ध्या वाटेवर माल टाकून चालत नाही, हे त्यांना कळलं होतं.

पुढच्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग झाला. निर्मिती धि गोवा हिंदू असोसिएशनची, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं. घरदार मुलांच्या हवाली करून मोकळा झालेला आणि मग त्याच मुलांच्या दारात नकोसा झालेला म्हातारा नट, गणपतराव बेलवलकर. तो साकारणाऱ्या लागूंचं वय त्या वेळी त्रेचाळीस होतं. ऐन उमेदीतल्या माणसाने म्हातारपणाचं सगळं वजन खांद्यावर घ्यायचं, रोज नव्या गावी न्यायचं, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत ते पुरं पोहोचवायचं. घशाच्या डॉक्टरने स्वतःचा घसा असा दुसऱ्याच्या शब्दांच्या कामी लावला.

माल पोहोचवायचा म्हणजे तो वाटेत कुणी काढून घेणार नाही, हेही पाहावं लागतं. त्याच वर्षी विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ लागूंनी दिग्दर्शित केलं. घरातली हिंसा इतकी उघडी मांडणारं नाटक तोवर मराठी रंगभूमीने पाहिलं नव्हतं. सेन्सॉरने साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला हरकत घेतली. डाग निळा केला गेला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं जाऊ लागलं की हा निळा डाग कृपया लाल समजावा. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. अंगावर धावून जाणं नाही, माघार घेणंही नाही. रंग बदलला, पण तेंडुलकरांना जे सांगायचं होतं त्यातला कणही सांडला नाही.

लमाणाचा आणखी एक गुण असतो. तो माल आपल्यापाशी ठेवत नाही. ‘नटसम्राट’ लागूंच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं, पण बेलवलकर पुढे दत्तारामांनी केला, सतीश दुभाषींनी केला, यशवंत दत्तांनी केला. प्रत्येकाने आपल्या चालीने ते ओझं वाहिलं. लागू ‘हिमालयाची सावली’कडे गेले, गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’कडे गेले. सत्तरी ओलांडल्यावर मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये त्यांनी सॉक्रेटिस उभा केला. ज्या वयात जुन्या यशाची गोष्ट सांगत बसण्याची मुभा असते, त्या वयात ते आपल्याहून कितीतरी लहान असलेल्या दिग्दर्शकाच्या, अतुल पेठे यांच्या तालमीत नव्या संहितेचे शब्द पाठ करत होते.

आणि रंगमंचाबाहेरही पाठीवर ओझं होतंच. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर, निळू फुले आणि इतर कलावंतांबरोबर लागू उभे राहिले. आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव झाले आणि त्यातून आलेला पैसा समाजासाठी पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मानधनाला लागला. नाटकाच्या तिकिटाचे पैसे दूरच्या पाड्यावर राबणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याच्या चुलीपर्यंत पोहोचले. इथला माल तिथे पोहोचवण्याचा याहून नेमका अर्थ मला सुचत नाही.

लागूंचा मुलगा तन्वीर धावत्या रेल्वेगाडीवर कुणीतरी भिरकावलेल्या दगडाने गेला. एवढं दुःख वाट्याला आल्यावर माणूस दार लावून घेतो. श्रीराम आणि दीपा लागू यांनी त्याच्या नावाने रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या ज्येष्ठांचा सन्मान सुरू केला, आणि त्याच्याच जोडीने धडपडणाऱ्या रंगकर्मींसाठीही पुरस्कार ठेवला. जे कुणालाच देता येण्याजोगं नव्हतं, तेही त्यांनी कुणाच्या तरी उपयोगाचं करून पुढे दिलं.

१७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात, ब्याण्णव वर्षांच्या वाटचालीनंतर हा लमाण थांबला.

आपण सगळेच कुणाचं तरी काही वाहून नेत असतो. शिक्षक आधीच्या पिढीचं ज्ञान नेतो, आई आपल्या आईच्या हातची चव नेते, कारकून कुणाचातरी अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेतो. माल आपण पिकवलेला नसतो, म्हणून काम हलकं ठरत नाही. तो वाटेत भिजू नये, सांडू नये, त्यात खडे मिसळू नयेत, याची सगळी जबाबदारी आपलीच असते. आज आपल्या हाती कुणी जे सोपवलं असेल, ते जसंच्या तसं पुढच्याच्या हाती द्यावं. आजच्या दिवसापुरतं एवढं पुरेसं आहे.