आधी जनरेशन विचार

बेव्हर्ली पार्क, मिरा रोड (पूर्व)

चि. सोनूस,


तुझा मेसेज मिळाला. दाजी घरात कॉम्प्युटर घेतायत हे वाचून बरं वाटलं. दुकानदाराने कोटेशनमध्ये तीन वर्षांच्या अँटिव्हायरसची ओळ न विचारताच घालून ठेवलीय, हे वाचून हसू आलं. ‘मामा, कुठला घेऊ?’ एवढंच तू विचारलंस. माझं उत्तर असं, की विकतचा कुठलाच घेऊ नका. विंडोजबरोबर येतो तो पुरे. पण नुसतं एवढं सांगितलं तर दुकानदार दाजींना पाच मिनिटांत घाबरवून सोडेल. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

अँटिव्हायरसच्या आधी दुकानदाराला विचार, प्रोसेसर कितव्या जनरेशनचा? कारण मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेली मशिन्स झाडूनपुसून, नवा कीबोर्ड लावून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकली जातात. स्वस्त पडतात आणि चालतातही बरी. पण विंडोज 11 अधिकृतपणे चालतं ते इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे, आणि त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट तर मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. म्हणजे सहाव्या जनरेशनचं मशीन घेतलंत, तर आज ना उद्या अपडेट न मिळणारा कॉम्प्युटर घरात येणार.

अपडेट हा शब्द ऐकला की तुम्ही मुलं ‘रिमाइंड मी लेटर’ दाबता, ते मला माहीत आहे. पण बघ, 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरला. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये देऊन ठेवलं होतं. ज्यांनी टाकलं नाही, त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. पुढच्याच महिन्यात आलेल्या नॉटपेट्या या व्हायरसने त्याच भोकाचाही वापर केला, आणि त्या तडाख्यात आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. अपडेटविना चालणाऱ्या मशीनवर महागडा अँटिव्हायरस बसवून फारसं काही साधत नाही.

मग लोक विकत का घेतात? कारण ती सवय खरोखरच्या गरजेतून लागलेली आहे. मी बँकेच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटरच्या खात्यात होतो, तेव्हा मशीनबरोबर संरक्षण म्हणून काहीही येत नसे. रोग फ्लॉपीतून यायचा आणि औषधही फ्लॉपीतूनच. 1990 साली भारतात एक व्हायरस सापडला, त्याचं नाव ‘जोशी’. 5 जानेवारीला मशीन सुरू केलं की ते अडून बसायचं आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. आमच्या खात्यातल्या जोशींना त्या दिवशी काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याची कल्पना कर.

याच काळात पुण्यात कैलास आणि संजय काटकर हे भाऊ उभे राहिले. कैलासरावांचा जन्म तुमच्याच सातारा जिल्ह्यातला, रहिमतपूरचा. तुमच्या कराडहून कितीसं लांब! शिक्षण दहावीपर्यंत. सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून, मग कॉम्प्युटर दुरुस्ती, 1993 मध्ये कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस. दुरुस्तीला येणाऱ्या मशिन्समध्ये व्हायरस सापडायचे आणि कॉम्प्युटर शिकणारा धाकटा भाऊ ते काढायचे प्रोग्रॅम लिहायचा. त्यातून 1995 मध्ये डॉससाठी क्विक हील हा अँटिव्हायरस आला आणि 2016 च्या फेब्रुवारीत कंपनी शेअर बाजारात उतरली. मराठी माणूस धंदा करत नाही असं कुणी म्हणालं की मी हे उदाहरण तोंडावर फेकतो. तरीही तुम्ही क्विक हील घ्या असं मी म्हणत नाही. अभिमान वेगळा आणि खरेदी वेगळी.

कारण दरम्यान परिस्थिती बदलली. 2012 च्या विंडोज 8 पासून अँटिव्हायरस विंडोजमध्येच मिळू लागला, तोच आजचा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. सुरुवातीला तो यथातथाच होता. जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था वेगवेगळ्या अँटिव्हायरसना एकाच चाळणीतून काढतात आणि निकाल फुकट वाचायला मिळतात. गेली काही वर्षं डिफेंडर तिथे नावाजलेल्या विकतच्यांच्या बरोबरीने उभा दिसतो. त्याची एक उणीव मात्र सांगतो. त्याची बरीचशी अक्कल इंटरनेटवर असते. नेट नसलं तर ओळखण्यात तो मागे पडतो. दाजींच्या मित्राचं कॉलेजजवळ झेरॉक्सचं दुकान आहे ना? दिवसभर परक्यांचे पेन ड्राइव्ह, नेटचा भरवसा नाही, समोर गिऱ्हाईक उभं. तिथे विकतचा अँटिव्हायरस आणि फोनवर मराठीत बोलणारा सपोर्ट, दोन्हींचे पैसे वसूल होतात. तुमचा कॉम्प्युटर घरातला आहे.

झेरॉक्सचं निघालंच आहे तर ऐक. तिथे प्रिंट काढून घरी आलीस आणि पेन ड्राइव्हमधल्या ‘प्रोजेक्ट’ फोल्डरवर डाव्या कोपऱ्यात छोटा बाण दिसला, तर त्यावर क्लिक करू नकोस. तो फोल्डर नसतो, शॉर्टकट असतो. खरा फोल्डर लपवलेला असतो आणि शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस चालतो, मग तुला संशय येऊ नये म्हणून तुझा फोल्डरही उघडून दाखवला जातो. आधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून स्कॅन कर. मग व्ह्यू मेनूत ‘हिडन आयटम्स’वर टिक कर, बऱ्याचदा फायली जागेवरच दिसतील. त्याच मेनूत ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ही कायमचं चालू ठेव. नाहीतर ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ नावाची फाइल तुला नुसती ‘बिल.पीडीएफ’ दिसेल.

आता फुकटच्यांबद्दल. ‘फुकट आहे तर डिफेंडरच्या जोडीला एक टाकून ठेवू’ असं वाटेल. टाकू नकोस. दोन अँटिव्हायरस म्हणजे एका गेटवर ठेवलेले दोन वॉचमन. चोर बाजूला राहतो आणि हे एकमेकांची कॉलर धरतात. म्हणूनच दुसरा आला की डिफेंडर सहसा आपणहून बाजूला होतो. आणि फुकट देणारा खातो कुठून, हेही बघ. अवास्ट या प्रसिद्ध अँटिव्हायरसने आपल्या वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली. त्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2024 मध्ये 1 कोटी 65 लाख डॉलर वसूल करण्याची कारवाई केली. नव्या लॅपटॉपवर महिना-दोन महिन्यांचा ट्रायल अँटिव्हायरस येतो, तोही मुदत संपेपर्यंत ठेवू नकोस. काढून टाक आणि विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर चालू झालाय ना, ते बघ.

डिफेंडरमध्येही एक गोष्ट तुला हाताने करावी लागेल. रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ असतं, ते बहुधा बंदच असतं. ते चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला तुझ्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये ढवळाढवळ करता येत नाही. कधीतरी चांगल्या प्रोग्रॅमलाही ते अडवतं. त्याला परवानगी द्यायची. रोजच्या वापराला साधं अकाउंट ठेव आणि ॲडमिनचा पासवर्ड दाजींकडे राहू दे. आणि गेम किंवा फोटोशॉपचं क्रॅक? त्याच्या सूचनांत पहिलीच ओळ असते, ‘अँटिव्हायरस बंद करा’. ती वाचूनही कुणी पुढे जात असेल तर त्याला कुठल्याच कंपनीचा उपयोग नाही.

पण सोनू, सगळ्यात मोठा धोका यातल्या कशातच नाही, आणि हे मी मिरा रोडमध्ये बसून लिहितोय म्हणून जास्त ठासून सांगतो. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी इथल्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. सातशेहून अधिक पोरं-पोरी चौकशीसाठी ताब्यात घेतली, सत्तर जणांना अटक झाली. आम्ही अमेरिकेच्या कर खात्यातून बोलतोय, कर थकलाय, आत्ता भरा नाहीतर अटक, असे फोन इथून तिकडे जायचे आणि पैसे गिफ्ट कार्डांवर उकळले जायचे. त्यात व्हायरस नव्हताच. घाबरलेला माणूस आपल्या हाताने पैसे देत होता. बोलणारे कोण, तर बरेचसे तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. चांगलं इंग्रजी, नोकरी हवी, म्हणून तिथे बसलेले.

याच धंद्याचा सख्खा भाऊ म्हणजे अँटिव्हायरसच्या नावाने येणारी फसवणूक. अचानक पूर्ण स्क्रीन लाल होते, भोंगा वाजतो, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’. किंवा ईमेल येतो, ‘तुमचा अँटिव्हायरस रिन्यू झाला, इतके रुपये कापले, रद्द करायला फोन करा’. फोन केला की पलीकडचा माणूस एनीडेस्क हे लांबून मशीन चालवायचं ॲप टाकायला लावतो आणि तुझ्या डोळ्यांदेखत माउस त्याच्या हातात जातो. खरा अँटिव्हायरस कधीही स्क्रीनवर फोन नंबर देऊन ‘आत्ता बोला’ म्हणत नाही. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धर, ब्राउझर बंद कर, आणि बंद होत नसेल तर सरळ मशीन बंद कर. काही बिघडत नाही. तुमच्याकडे अँटिव्हायरस विकत घेतलेलाच नसेल, तर रिन्यूअलचा प्रत्येक ईमेल खोटा आहे हे आजीलाही लगेच कळेल. न घेण्याचा हाही एक फायदाच. आणि एवढं करून कुणी फसलंच, तर लाजत बसायचं नाही. 1930 वर ताबडतोब फोन करायचा. जितका लवकर कराल, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. हा नंबर आजीच्या, आईच्या, दाजींच्या, सगळ्यांच्या फोनमध्ये आजच घालून दे.

पैसे खर्च करायचेच आहेत, तर माझं म्हणणं ऐक. तुझ्या आईच्या लग्नाच्या अल्बमचे स्कॅन, दाजींचे सातबारे आणि पावत्या, तुझी प्रोजेक्टं, हे सगळं एकाच डिस्कवर राहणार आहे. ती डिस्क व्हायरसने नाही तरी वयाने कधीतरी मरणारच. एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घे. दर रविवारी जोड, कॉपी कर आणि काढून कपाटात ठेव. काढून ठेवणं महत्त्वाचं. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतो.

तेव्हा कोटेशनमधली अँटिव्हायरसची ओळ खोडून तिथे हार्ड डिस्क लिहायला सांग. थोडे पैसे वर घालावे लागले तर मी पाठवतो. प्रोसेसरची जनरेशन आठवी किंवा वरची असल्याचं दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी सुधारलेल्या कोटेशनचा फोटो मला पाठव.

तुझा,
मामा