देवक बसल्यावर

भरती झालेला मुलगा सैनिक कधी होतो? कागदावर सही करतो तेव्हा, रायफल पहिल्यांदा हाती येते तेव्हा, की कसम परेडला? प्रश्न वरवर कारकुनी वाटेल. पण माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढचं प्रकरण याच प्रश्नावर उभं आहे, आणि माझ्या मते हा मुळात धर्माचा प्रश्न आहे.

मी सैन्यात धर्मगुरू होतो. पलटणीत आम्हाला पंडितजी म्हणतात. मंदिर परेड, दवाखान्यात आजारी जवानाच्या उशाशी बसणं, कुणी गेला तर अंत्यसंस्कार, आणि प्रशिक्षण केंद्रात असताना कसम परेड, ही माझी कामं. कसम परेडला मैदानावर राष्ट्रध्वज येतो. गीता, कुराण, बायबल, ग्रंथसाहिब घेऊन आम्ही आपापल्या जागी उभे असतो. साडेसतरा-अठराव्या वर्षी घरातून आलेली ती पोरं ग्रंथाच्या साक्षीनं म्हणतात की आम्ही राज्यघटनेशी एकनिष्ठ राहू, जमिनीवर, समुद्रावर, आकाशात जिथं पाठवाल तिथं जाऊ, आणि जीव धोक्यात असला तरी हुकूम पाळू. ज्याला देवाची शपथ नको त्याला नुसती प्रतिज्ञा घेण्याची मोकळीक कायद्यानं ठेवली आहे. मला ती तरतूद नेहमीच मोलाची वाटली. ग्रंथ साक्षीला असतो. पणाला लागतो तो माणसाचा जीव.

ज्या मुलाबद्दल लिहितोय त्याच्यावर त्या मैदानात उभं राहायची वेळच आली नाही. प्रशिक्षणात त्याच्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली. बूट घालून कडक जमिनीवर रोज धावणाऱ्या रंगरुटांमध्ये ही दुखापत नवी नाही. तो दवाखान्यात राहिला, मागच्या तुकडीत टाकला गेला, पुन्हा धावला, पुन्हा वेळेत बसला नाही. मग आदेश आला: सक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही, सबब सेवेतून मुक्त. कसम परेड अगदी जवळ आली होती. वडील शेतकरी, आमच्या शेजारच्या गावचे. ते माझ्याकडे आले ते पोराला परत घ्या असं सांगायला नाही. म्हणाले, "गुरुजी, काढला त्याचं दुःख आहेच, पण त्याला कुणी एका शब्दानं विचारलं नाही. वकीलसाहेब सांगतात, कसम झाली नव्हती म्हणून विचारायची गरज नव्हती. कसम तुम्हीच देत होता ना? मग तुम्हीच सांगा, कसमेच्या आधी तो कोण होता?"

वकिलांनी सांगितलं ते नियमाला धरूनच होतं. १९५४ च्या सेना नियमांतला १३ वा नियम आणि त्याखालचा तक्ता ठरवतो, की कुणाला कुणी आणि कसं सेवामुक्त करायचं. ज्याची शपथ झाली आहे अशा जवानाला तक्त्यात नेमून दिलेल्यांखेरीज इतर कारणांसाठी काढायचं असेल, तर परिस्थिती परवानगी देत असल्यास त्याला कारण दाखवण्याची संधी द्यावी असं तिथं लिहिलं आहे. त्याच तक्त्यात पुढं वेगळा वर्ग येतो, भरती झालेले पण शपथ न झालेले. त्यांच्यासमोर संधीचा उल्लेख नाही. म्हणजे मी हातात धरलेला ग्रंथ नुसता पवित्र नव्हता. कुणाचं ऐकून घ्यायचं आणि कुणाचं नाही याची कायद्यातली सीमारेषाही तोच होता. शपथ देताना मुलांना तिचं ओझं समजावलं जातं. तिच्या अलीकडे उभा असलेला मुलगा किती उघडा असतो, हे त्याला कुणी सांगत नाही.

आता याच कायद्याची दुसरी बाजू पाहा. १९५० चा सेना कायदा माणसाला लागू होतो तो शपथेपासून नव्हे, भरतीपासून. शपथ न झालेला रंगरूट न सांगता पळाला तर तो पलायनाचा गुन्हेगार ठरतो, त्याच्यावर कोर्ट मार्शल होऊ शकतं. तीन महिने पगार घेतला आणि नाव पटावर राहिलं की, भरतीच्या कागदात काही चूक होती म्हणून मला सोडा, असंही त्याला म्हणता येत नाही. कायदा त्याला रीतसर भरती झालेलाच मानतो. बांधणारा दोर पहिल्या दिवसापासून आणि राखणारा दोर शपथेपासून, ही विषमता मला खटकते. कायद्याचे जाणकार लगेच राज्यघटनेचं ३१० वं कलम दाखवतील, सैनिक राष्ट्रपतींच्या मर्जीपर्यंतच पदावर असतो म्हणतील. ३३ वं कलमही दाखवतील, ज्यानं सैन्याच्या शिस्तीसाठी मूलभूत हक्कांना मर्यादा घालायचा अधिकार संसदेला दिला आहे. ती कलमं आहेत, आणि असायलाच हवीत. पण मर्जी कुणाचीही असो, ती वापरण्याआधी समोरच्याचं ऐकू नका असं त्यांत कुठं लिहिलं आहे?

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या विद्येत शोधलं, कारण दुसरी विद्या मला नाही. आमच्या धर्मशास्त्रात 'सुरुवात कधी झाली' या प्रश्नाचा फार बारकाईनं विचार झाला आहे. निमित्त सुतकाचं. घरात शुभकार्य काढलं आणि भाऊबंदांत कुणी गेलं, तर कार्य थांबवायचं का? नियम असा, की कार्य सुरू झालं असेल तर सुतक अडवत नाही, झालं नसेल तर अडवतं. मग सुरू झालं म्हणजे नेमकं काय? पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० साली पुरा केलेल्या धर्मसिंधूत आणि त्याआधीच्या निबंधग्रंथांतही याचं उत्तर आहे. यज्ञाची सुरुवात ऋत्विजांना वरण्यापासून, व्रताची संकल्पापासून, विवाहाची नांदीश्राद्धापासून, श्राद्धाची पाकाला आरंभ होतो तिथपासून. शास्त्र न शिकलेली आजीही हे आपल्या भाषेत सांगते: देवक बसलं की सुतक लागत नाही.

या नियमात मला जे दिसतं ते असं. देवक बसतं तेव्हा लग्न लागलेलं नसतं. अंतरपाट धरायचा असतो, सप्तपदी व्हायची असते, आणि सप्तपदीच्या सातव्या पावलाशिवाय विवाह पूर्ण होत नाही याबद्दल शास्त्राला शंका नाही. तरीही शास्त्र संरक्षण देतं ते पूर्णतेपासून नव्हे, आरंभापासून. ज्यानं संकल्प सोडला, ज्याच्या घरी देवक बसलं, तो मधल्या वाटेवर आहे. तो अजून तिकडचा झाला नाही आणि इकडचाही राहिला नाही. अशा माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही, ही त्या नियमामागची करुणा आहे. रंगरूट नेमका या मधल्या वाटेवर असतो. घर सुटलं, शेत सुटलं, शरीर दुसऱ्याच्या हुकमाखाली गेलं. कसम परेड ही त्याची सप्तपदी म्हणा. पण देवक भरतीच्या दिवशीच बसलं.

यावर सैन्याच्या बाजूनं जे बोललं जातं ते मी तुच्छ मानत नाही. ग्रेनेडच्या मैदानावर पिन काढून थिजलेला मुलगा स्वतःबरोबर उस्तादालाही मारू शकतो. पुढं सीमेवर ज्याच्या भरवशावर दुसरा झोपणार आहे, त्याची पारख प्रशिक्षणातच व्हायला हवी, आणि ती पारख वकिलानं किंवा न्यायाधीशानं करायची नाही, उस्तादानं आणि कमांडंटनं करायची. ज्याचा पाय सैनिकाचं काम पेलणार नाही त्याला घरी पाठवणं हा अन्याय नाही. उलट, खोट्या दयेनं त्याला पुढं ढकललं तर दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या जिवाशी खेळ होतो. पण ही सगळी कारणं निर्णयाची आहेत. न विचारण्याची नाहीत. ग्रेनेडच्या मैदानावर क्षणात ठरवावं लागतं. सेवामुक्तीचा कागद टेबलावर तयार होतो आणि सहीसाठी वाट पाहतो. तेवढ्या वेळात मुलाला बोलावून हे विचारता येतं, की बाबा, तुझ्या पायाला काय झालं, तू किती दिवसांनी धावायला लागलास, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं. याच्या उत्तरावर बरंच अवलंबून असतं. दुखापत प्रशिक्षणातली असेल तर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जायला हवं, अपंगत्वाच्या हक्काचा विचार व्हायला हवा. भरतीच्या वेळी ज्याच्या कागदावर आजाराची नोंद नाही तो तेव्हा निरोगी होता असं धरूनच चालायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या निकालात स्पष्ट केलं आहे. 'सक्षम होण्याची शक्यता नाही' या वाक्याखाली मोडलेलं हाड झाकलं गेलं आहे का, हे मुलाला विचारल्याशिवाय कमांडंटला तरी कसं कळावं?

हीच रेषा अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांनाही छळते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत किंवा डेहराडूनला प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी गेलेले छात्र माजी सैनिक मानले जात नाहीत, कारण त्यांचं कमिशन झालेलं नसतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून त्यांची दखल घेतली. कमिशन होण्याआधी ते कोण होते, हा प्रश्न त्या शेतकरी बापाच्या प्रश्नाचाच भाऊ आहे.

कसम परेडला ज्या गीतेवर तो मुलगा हात ठेवणार होता, तिच्या आरंभी काय घडतं? दोन सैन्यांच्या मधोमध एक योद्धा धनुष्य टाकून रथात बसतो आणि मी लढणार नाही म्हणतो. युद्धाच्या दृष्टीनं त्या घडीला त्याच्याहून निकामी सैनिक दुसरा नाही. श्रीकृष्ण त्याला खडसावतात, पण त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतात, आणि सगळं सांगून झाल्यावर निर्णय त्याच्यावर सोडतात.

मला मात्र या प्रकरणात अर्जुनापेक्षा कर्ण जास्त आठवतो, कारण प्रशिक्षणातून घालवलेला तो आपल्या परंपरेतला सर्वांत मोठा विद्यार्थी. शांतिपर्वात नारद युधिष्ठिराला ती कथा सांगतात. परशुराम कर्णाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेले. कीटक मांडी पोखरतो, कर्ण हलत नाही, रक्ताच्या स्पर्शानं गुरू जागे होतात. एवढं सोसणारा ब्राह्मण असणं शक्य नाही हे त्यांनी ओळखलं. राग आला होता, फसवणूक उघड होती. तरी शापाआधी त्यांनी विचारलं: खरं सांग, तू कोण? कर्णानं सांगितलं. त्यावर त्यांनी शाप दिला, इथं तुला जागा नाही म्हणून घालवलंही. पण निरोप देताना हेही सांगितलं, की युद्धात तुझ्या तोडीचा क्षत्रिय पृथ्वीवर होणार नाही. ज्यानं खोटं बोलून प्रवेश मिळवला त्यालाही परशुरामांसारख्या कोपिष्ट गुरूनं आधी विचारलं, मग घालवलं. माझ्या परिचयातला मुलगा तर काहीच लपवून आला नव्हता.

आणि हे सगळं कायद्याला परकं नाही. सेना कायद्याचं २३ वं कलम मी त्या वडिलांना वाचून दाखवलं. सेवेतून मुक्त केलेल्या प्रत्येक भरती झालेल्या माणसाला प्रमाणपत्र द्यायचं, त्यात सेवा संपवण्याचा अधिकार कुणाचा, कारण काय आणि सेवा किती हे लिहायचं, आणि ते इंग्रजीबरोबर त्याच्या मातृभाषेत द्यायचं. कलमाचे शब्द 'भरती झालेला' असे आहेत. शपथ झालेला असे नाहीत. म्हणजे कसम न घेतलेल्या मुलालाही मराठीत कारण सांगण्याइतका मान या कायद्यानं आधीच दिला आहे. जे कारण त्याला त्याच्या भाषेत नंतर द्यायचंच आहे, ते आदेशाआधी द्यावं आणि त्यावर त्याचं उत्तर त्याच्याच भाषेत घेऊन फाइलला लावावं, ही त्याच्या अर्जातली पहिली मागणी आहे. नोकरी परत मिळावी ही मागणी दुसऱ्या क्रमांकावर आहे. तो क्रम त्या मुलानंच वकिलांना लिहायला लावला.