पाऊण चेलो

माहीममधली एक जुनी शाळा. शनिवारी दुपारी वर्ग सुटले की तिचे तीन मजले मुलांच्या ऑर्केस्ट्राला वापरायला मिळत. तळमजल्यावर छोटा गट, पहिल्या मजल्यावर मधला, आणि सगळ्यात वर, जिथे लांबलचक हॉल होता, तिथे मोठा ऑर्केस्ट्रा. तीन गटांचे तीन कंडक्टर.

वरचे कंडक्टर परदेशात शिकून आलेले. त्यांच्या हाताखाली चाळीसएक वादक होते आणि डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी ते ड्वोर्झाकची ‘न्यू वर्ल्ड’ सिम्फनी बसवत होते. तिच्या दुसऱ्या भागातली ती प्रसिद्ध संथ धून इंग्लिश हॉर्नसाठी लिहिलेली आहे. ते वाद्य इथे कुणाकडेच नव्हतं, म्हणून एक मुलगी ती क्लॅरिनेटवर वाजवायची, आणि जीव ओतून वाजवायची. मधल्या गटाचे कंडक्टर बँकेत नोकरीला होते. ते मोझार्टचं ‘आइने क्लाइने नाख्टमुझिक’ घेत. तळमजल्यावर ताई.

कंडक्टर म्हटलं की काळा कोट, उंच चौथरा आणि हातातली कांडी डोळ्यांपुढे येते. ताईला चौथरा नव्हता. मुलं बसलेली, आठ-नऊ वर्षांची. त्यांच्या नजरेच्या पातळीवर हात यावा म्हणून ती गुडघ्यांत वाकून ताल द्यायची, हातात पेन्सिल घेऊन. तालमीआधी तासभर येऊन 22 व्हायोलिनं सुरात लावायची. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, खुंट्या घट्ट बसतात, आणि जरा जोर जास्त झाला की तार तुटून बोटावर बसते. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की त्याच खुंट्या सैल पडून घसरतात. मग त्यांना खडू चोळायचा. बोटं कुठे ठेवायची ते कळावं म्हणून प्रत्येक व्हायोलिनच्या पट्टीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या रेघा तिनेच मारलेल्या. सुरुवातीचा ठोका देण्याआधी ती सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घ्यायची. मुलंही तिच्याबरोबर श्वास घेत, आणि बावीस बो एकदम तारेवर उतरत.

मला विचाराल तर तिघांमधलं सगळ्यात अवघड काम हेच. मोठ्या ऑर्केस्ट्रात कंडक्टरचा हात क्षणभर चुकला तरी पहिल्या बाकावरचे वादक सावरून घेतात. लहान मुलं सावरून घेत नाहीत. हात जसा हलेल तशी वाजतात. हात डळमळला तर सगळा वर्ग डळमळतो.

ताईच्या गटाचा सगळा भार एका मुलावर होता. वय बारा, वाद्य चेलो. मुलांच्या उंचीप्रमाणे चेलो लहान-मोठे असतात, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण. हा चौथीत असताना आला तेव्हा अर्धा चेलो त्याला अगदी मापात बसला होता. आता त्याचे गुडघे वाद्याच्या बाजूने वर येत, पट्टीवर बोटांची दाटी होई. पण खाली तो भक्कम वाजत राही म्हणून वरच्या बावीस व्हायोलिनांना धीर यायचा. व्हायोलिनं भरकटली की ताई नुसतं त्याच्याकडे बघायची. तो ठोका ओढून धरायचा आणि दोन मापांत सगळी पुन्हा वाटेवर यायची.

मधल्या गटाच्या कंडक्टरांनी जूनमध्येच त्याला मागितलं होतं. ताई म्हणाली, “डिसेंबरचा कार्यक्रम होऊ दे, मग बघू. अजून कच्चा आहे.”

कच्चा नव्हता. मधल्या सुट्टीत जिन्यावरून मोझार्ट ऐकू यायचा आणि हा खाली अर्ध्या चेलोवर तेच सूर शोधत बसायचा. दोन शनिवारांत सुरुवातीची आठ मापं त्याने नुसती ऐकून उचलली. तालीम सुरू झाली की मात्र त्याचा बो मलूल पडे. जे डोळे मिटून येत होतं ते पुन्हा पुन्हा वाजवून त्याचा हात आळसावला होता. ताईला ते दिसत होतं. दिसत असूनही ती डिसेंबर म्हणत राहिली.

वाद्यांचं कपाट अंकल सांभाळायचे. सत्तरी ओलांडलेले, मूळचे गोव्याचे, हयात सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवण्यात गेलेली. शनिवारी ते जिन्याखालच्या खोलीत बसत, तुटक्या तारा बदलत, बोला राळ लावून देत. ऑर्केस्ट्राची बरीचशी वाद्यं मुलांना उसनी दिलेली होती आणि त्यांची नोंद अंकलच्या रजिस्टरात असे.

जुलैच्या मध्यावर, तालीम आटोपून ताई खोलीशी आली तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. आत बाकावर आठ वर्षांची एक मुलगी आईची वाट बघत बसली होती. हातात पेन्सिल, आणि अंकल तिला ती बोसारखी कशी धरायची ते दाखवत होते. अंगठा वाकलेला, करंगळी हलकी टेकलेली.

“ही कोण?” ताईने विचारलं.

“तुझ्याच गटात आहे. जूनपासून मागे बसते. चेलो शिकायचाय तिला.” अंकलनी पेन्सिल जरा तिरकी केली. “वाद्य नाही, म्हणून पेन्सिल.”

मुलगी आईबरोबर गेल्यावर अंकल म्हणाले, “बाय, मेहली मेहता माहीत आहेत ना?”

“झुबिन मेहतांचे वडील.”

“लोक त्यांना तेवढंच ओळखतात. 1935 साली या मुंबईत त्यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. माझे पप्पा त्यात सेकंड व्हायोलिनला बसायचे. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेलातला बँड, आणि मधे वेळ काढून मेहतांची तालीम. तारांवर आम्ही गोंयकार आणि पारशी. फुंकून वाजवायची वाद्यं धरायला नेव्हीच्या बँडमधली माणसं यायची. एकेक माणूस जमवून जमवून केलेलं काम, बाय. एक जरी गेला तरी भोक पडायचं.”

ताई उंबऱ्यावर टेकली. पाऊस थांबायची चिन्हं नव्हती.

अंकल सांगत गेले. मेहतांच्या घरात तालमी चालत, मुलगा त्यातच वाढला. वडिलांनी त्याला आधी एकेका विभागाची तालीम घ्यायला दिली, आणि सोळाव्या वर्षी अख्खा ऑर्केस्ट्रा. असा मदतनीस घरातच तयार झालेला. त्याला 1954 साली, अठराव्या वर्षी, व्हिएन्नाला शिकायला पाठवलं. वर्षभरात मेहली स्वतः इंग्लंडला गेले. पंचेचाळिशी उलटलेली, इथे ऑर्केस्ट्रासमोर उभे राहणारे, ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात जॉन बार्बिरोलींच्या हाताखाली व्हायोलिन घेऊन बसले. मग अमेरिका. 1964 मध्ये लॉस एंजेलिसला पोचले. तोवर झुबिन त्याच शहरातल्या फिलहार्मोनिकचे संगीत दिग्दर्शक होऊन दोन वर्षं झाली होती.

“आणि त्याच शहरात बापाने काय काढलं?” अंकल पुढे वाकले. “शिकणाऱ्या पोरांचा ऑर्केस्ट्रा. अमेरिकन यूथ सिम्फनी. 1998 पर्यंत चालवला, नव्वदी गाठेपर्यंत. आता तू कंडक्टर आहेस, तूच सांग. झुबिनसमोरचे वादक वर्षानुवर्षं तेच असणार. जे बसवलं ते टिकणार. मेहलींसमोर? एक तयार झाला की गेला. देशातल्या मोठ्या मोठ्या ऑर्केस्ट्रांत त्यांची पोरं जाऊन बसली. आणि हा माणूस दर वर्षी पुन्हा नव्या पोरांसमोर उभा. तीस वर्षांहून जास्त.”

ताई गप्प होती. मग म्हणाली, “तुमचं बरोबर आहे अंकल. पण त्यांच्याकडे एक गेला तर चार यायचे. माझ्याकडे चेलो एकच आहे. तो वर गेला तर डिसेंबरला खाली आधारच राहणार नाही. आईबाप समोर बसलेले असतात. बावीस पोरं घसरताना मी बघत उभी राहू?”

यावर अंकलकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांनी आहे असं दाखवलंही नाही. त्यांनी रजिस्टर उघडून तिच्याकडे फिरवलं. चेलोचं पान.

पूर्ण चेलो: मोठ्या ऑर्केस्ट्रातला चेलोंचा प्रमुख, वय 19. संगीत शिकायला त्याला परदेशात प्रवेश मिळाला होता, सप्टेंबरला सुरुवात. वरचे कंडक्टर त्याला म्हणत होते, ड्वोर्झाक होऊ दे, जानेवारीत जाता येतं का बघ.

पाऊण चेलो: मधल्या गटातली चौदा वर्षांची मुलगी. वर्षभरापूर्वीच वर जायला तयार झालेली. तिच्या कंडक्टरांनी लिहून दिलं होतं, पुढच्या वर्षी.

अर्धा चेलो: ताईचा मुलगा.

आणि त्याखाली, वाद्याच्या रकान्यात काहीच नाही, पेन्सिलीने लिहिलेलं एक नाव. मघाची मुलगी.

ताईने पान दोनदा वाचलं. आपण एका मुलाला डिसेंबरपर्यंत थांबवलं आहे एवढंच ती आजवर समजत होती. वरच्या दोघांनीही तेच केलं होतं, तिघांचीही कारणं खरी होती, आणि त्या तिन्ही खऱ्या कारणांखाली एक पोर दीड महिना पेन्सिल धरून बसली होती.

पुढच्या शनिवारी ताईने मुलाकडून अर्धा चेलो घेतला, कपाटाशेजारी उभा केला आणि मुलाला घेऊन पहिल्या मजल्यावर गेली. मधल्या गटाचे कंडक्टर खूश झाले. “या, या. शेवटी सोडलंत म्हणायचं. चेलो कुठाय?”

“खाली ठेवलाय. नव्या मुलीला देतेय.”

“मग हा वाजवणार काय?”

“तेच तुम्हाला विचारायला आले.”

सगळा गट बघत होता. मुलगा रिकाम्या हातांनी उभा. कंडक्टरांना राग आला, आणि तो येणं साहजिक होतं. भर तालमीत कुणी असं कोंडीत पकडलं तर कुणालाही येईल. त्यांनी मुलाला पाऊण चेलोवाल्या मुलीशेजारी बसवलं आणि पानं उलटायला सांगितलं. ती दुपार त्याने पानं उलटली. पुढचीही. आठ मापांशी पोचले की त्याची डाव्या हाताची बोटं मांडीवर हलायची, आणि ते त्या मुलीने पाहिलं, कंडक्टरांनीही पाहिलं. त्या दुसऱ्या शनिवारी तालीम संपल्यावर मुलीने स्वतःच चेलो त्याच्याकडे सरकवला. पाऊण चेलो त्याने पहिल्यांदा वाजवला तेव्हा सूर जरा खाली लागले, कारण बोटांना जुन्या मापाची सवय होती. चौथ्या मापात त्याने अंतर पकडलं.

मधल्या कंडक्टरांनी कुणाला काही सांगितलं नाही. ते जिना चढून वर गेले.

वरच्याचं नुकसान सगळ्यात मोठं होतं. चार चेलोंच्या विभागातला म्होरक्या गेला तर ‘न्यू वर्ल्ड’चा तळ हलतो, हे संगीत थोडंफार ऐकणाऱ्यालाही कळेल. ते दोघं हॉलच्या टोकाला बराच वेळ बोलत होते. चौदा वर्षांची मुलगी पूर्ण चेलोवर पहिले काही महिने चाचपडणार, हेही दोघांना माहीत होतं. शेवटी वरच्या कंडक्टरांनी त्या तरुणाला बोलावलं.

“कधी निघायचंय?”

“वीस ऑगस्टला निघता आलं तर...”

“चेलो अंकलकडे जमा करून जा. सही घेतात ते.”

त्या रात्री ते हॉलमध्ये एकटे थांबले आणि चेलोची पानं घेऊन बसले. बो कुठे वर, कुठे खाली, याच्या खुणा बदलल्या, दोन अवघड जागा बासकडे वळवल्या. या कामाला टाळ्या पडत नाहीत. डिसेंबरच्या कार्यक्रमपत्रिकेतही त्याचा उल्लेख नव्हता.

कार्यक्रम झाला. फार सुंदर झाला असं म्हणता येणार नाही. ‘न्यू वर्ल्ड’च्या शेवटच्या भागात चेलो एके जागी मागे पडले, क्लॅरिनेटवरची ती धून मात्र अशी लागली की लोक खोकायचे थांबले. मोझार्ट नेटका गेला. छोट्या गटात आठ वर्षांच्या मुलीने दोनच मोकळ्या तारा वाजवल्या, आलटून पालटून, ताईच्या पेन्सिलीवरची नजर न काढता. मधे व्हायोलिनं भरकटली. ताईने सवयीने चेलोकडे पाहिलं आणि मुलीने घाबरून वाजवायचंच थांबवलं. मग ताईने ताल देणं न थांबवता मोठ्याने गाऊन सगळ्यांना पुन्हा पहिल्या ठोक्यावर आणलं. सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

बाहेर पडताना एका मुलाचे वडील तिच्याजवळ आले. चांगल्या मनाचे गृहस्थ, तीन वर्षांपासून न चुकता येणारे. “ताई, रागावू नका,” ते म्हणाले, “पण गेल्या वर्षी छोटा गट जास्त छान वाजला होता.”

“हो,” ताई म्हणाली. “त्यातला एक आज मोझार्टमध्ये होता. तिसऱ्या बाकावर, पाऊण चेलो. ऐकलात ना?”