पहिलटकरणीपुरतं सरकार

पिशवी उघडली की आधी झबली-टोपडी निघतात. मग लंगोट, छोटीशी गादी, टॉवेल, मच्छरदाणी, ब्लँकेट, अंगाला लावायचं तेल, थर्मामीटर, नेलकटर, हातमोजे-पायमोजे, खुळखुळा. आईसाठीही एखादा लोकरीचा कपडा असतो. महाराष्ट्र सरकारने २६ जानेवारी २०१९ पासून ही बेबी केअर किट योजना सुरू केली. एका किटमागे दोन हजार रुपयांपर्यंत खर्च धरला आणि सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईच्या हाती ते द्यायचं ठरवलं. सरकारने आता खुळखुळे वाटायचे का, असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. मला मात्र या पिशवीचं मोल वाटतं. नव्या बाळाला आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायचं ही आपली रीत आहे आणि तिच्यात मायाही आहे. पण मुळात वजनाने कमी असलेलं बाळ थंडीत झपाट्याने गार पडतं आणि गार पडलेलं बाळ दूध ओढत नाही. अशा घरात ब्लँकेट, टोपडं आणि थर्मामीटर यांना चैन म्हणायला जीभ धजावू नये.

माझी तक्रार पिशवीतल्या वस्तूंबद्दल नाही, ती कुणाला मिळते याबद्दल आहे. ती मिळते पहिल्या बाळंतपणाला. दुसऱ्या खेपेचं बाळ थंडीत कमी गारठतं, असं कुठल्या डॉक्टरने सांगितल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं. पहिलटकरणीचे डोहाळे पुरवायचे, सातव्यात ओटी भरायची, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवून फोटो काढायचे. मग डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, सव्वा महिना बाजेवरून पाय खाली ठेवू द्यायचा नाही. दुसऱ्या खेपेला तीच बाई सासरी असते आणि बाराव्या दिवशी चुलीपुढे बसलेली दिसते. मोठं पोर मांडीशी, धाकटं पदराखाली. सरकारने हाच घरगुती रिवाज उचलला आणि त्यावर शासन निर्णयाचा शिक्का मारला.

हे केवळ एका पिशवीचं झालं असतं तर एवढं लिहिलं नसतं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा मातृत्व लाभ कबूल केला. सरकारी नोकरीत असलेल्या किंवा दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया तेवढ्या वगळल्या. कितवं मूल, हा प्रश्न त्या कलमात नव्हता. पुढे २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली आणि सहाचे पाच हजार झाले, तेही पहिल्या जिवंत अपत्यापुरते. वरचे हजार जननी सुरक्षा योजनेतून ‘सरासरीने’ भरून निघतील, असा हिशेब मांडला गेला. गंमत अशी की त्याच जननी सुरक्षा योजनेतली दोन अपत्यांची अट केंद्राने २०१३ मध्ये स्वतःच काढून टाकली होती. चार वर्षांपूर्वी एका दारातून हाकललेली अट दुसऱ्या दाराने, जास्त आवळून, आत आली.

आता हाच देश पगारदार बाईशी कसा वागतो ते बघा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ सालीच दुरुस्ती झाली. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेतल्या स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळू लागली. तिसरं झालं तरी बारा आठवडे आहेतच. महिन्याला चाळीस हजार मिळवणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही रजा दोन लाख चाळीस हजारांची होते. ती तिला मिळालीच पाहिजे, त्यातला एक दिवसही कमी व्हायला नको. पण त्या रजेला कुणी ‘रेवडी’ म्हणत नाही. दुसरं मूल मुलगा आहे की मुलगी, हे तिच्या ऑफिसातलं कुणी विचारत नाही. वीटभट्टीवरच्या, शेतावरच्या, धुणंभांडी करणाऱ्या बाईला पाच हजार देताना मात्र आपल्याला लोकसंख्या आठवते, तिजोरी आठवते आणि नवरा पैसे दारूत उडवील ही काळजीही आठवते.

२०२२ पासून मातृवंदना योजनेत सुधारणा झाली. दुसरं अपत्य मुलगी असेल तर सहा हजार, एकरकमी, बाळ जन्मल्यावर. हेतू चांगला आहे, मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं. पण गर्भलिंगनिदान कायद्याने बंद आहे, आणि ते बंदच राहिलं पाहिजे. म्हणजे बाळ जन्मेपर्यंत त्या बाईचा हक्क आहे की नाही, हेच कुणाला ठाऊक नसतं. ज्या नऊ महिन्यांत तिला अंडी, डाळ, दूध, लोहाच्या गोळ्या आणि दुपारची विश्रांती हवी, त्या महिन्यांत हातात एक पैसा नाही. पैसा येतो तो निकाल लागल्यावर. आणि निकाल ‘मुलगा’ लागला तर येतच नाही. मुलगी नको म्हणणाऱ्या समाजाला सुधारायचं म्हणून मुलगा झालेल्या आईला उपाशी ठेवायचं, हा न्याय माझ्या पचनी पडत नाही. रक्त दोघींचं सारखंच गेलेलं असतं.

लोकसंख्येचं म्हणाल तर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे, आईबापांची जागा भरून निघायला लागणाऱ्या २.१ पेक्षा कितीतरी खाली. पाच हजारांसाठी कुणी तिसऱ्यांदा गरोदर राहत नाही. राहावं लागतं ते बहुतेकदा मुलग्याच्या हट्टापायी, आणि तो हट्ट सासूचा, नवऱ्याचा, गावाचा असतो. ज्या निर्णयात तिचं मत विचारलं गेलं नाही, त्याची शिक्षा तिला आणि त्या बाळाला. त्याच पाहणीत राज्यातल्या गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या आणि ९४ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. म्हणजे बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत नेण्यात आपण यशस्वी झालो आहोत. तिथवर ती कोणत्या अवस्थेत पोचते, याची फिकीर अजून करायची आहे.

फिनलंडमध्ये १९३८ पासून बाळंतिणींना कपडे-अंथरुणांची पेटी दिली जाते. आरंभी ती गरिबांपुरती होती, १९४९ पासून सर्वांसाठी झाली. एकच अट: चौथा महिना संपण्याआधी दवाखान्यात तपासणी झाली पाहिजे. श्रीमंत-गरीब नाही, पहिलं-तिसरं नाही. फार लांबचं उदाहरण वाटत असेल तर तमिळनाडू घ्या. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची मातृत्व साहाय्य योजना तिथे १९८७ साली तीनशे रुपयांवर सुरू झाली आणि २०१८ मध्ये पोषण किटसह अठरा हजारांवर नेली गेली. दोन बाळंतपणांची मर्यादा त्यांनीही ठेवली आहे आणि तीही मला खटकते. पण दुसऱ्या बाळाचं लिंग ते विचारत नाहीत.

महाराष्ट्राने खरं तर कुणाकडून शिकण्याची गरज नव्हती. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बायकांनी यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, ठेवायचं तर ठेवावं. नाव सांगायची सक्ती नाही, बाप कोण याची चौकशी नाही. त्याच घरात जन्मलेला यशवंत या दांपत्याने दत्तक घेतला. त्याच महाराष्ट्रात दीडशे वर्षांनी मातृवंदनेच्या अर्जाला नवऱ्याचं आधार कार्ड जोडावं लागत होतं. टाकलेली, फसवलेली, एकटी राहणारी बाई त्या एका रकान्यापाशी अडायची. २०२२ च्या नव्या नियमांत ही सक्ती गेली, हे बरं झालं. पण मुळात ती अट लिहिताना कुणाचाच हात थांबला नसेल का?

१९२८ च्या जुलैत मुंबई विधिमंडळात कारखान्यातल्या कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि लोकांचं कल्याण जपणं हे मुळात सरकारचं काम असल्याने या खर्चाचा मोठा वाटाही सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी कायदा झाला. त्या भाषणात दया नाही, हिशेब आहे. बाई उद्याचा माणूस घडवते आहे, तो काळ तिच्या मजुरीचा बुडतो, आणि ती भरपाई सगळ्यांनी मिळून करायची आहे.

मजुरी बुडणं म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या फडात दिसतं. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, बहुधा घराच्या पत्र्याला, दवाखान्याला, थोरलीच्या लग्नाला खर्चही झालेली. पहाटे अंधारात फडात उतरायचं, नवऱ्याने तोडायचं, बायकोने पाचट काढून मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची. मुक्काम कोपीत, पाणी लांबून आणायचं. एक दिवस आलं नाही की ‘खाडा’, तो उचलीतून कापला जातो. आठव्या महिन्यातली बाईसुद्धा खाडा परवडत नाही म्हणून मोळी उचलते आणि बाळंत झाली की काही दिवसांत पोर उसाच्या बांधावर ठेवून पुन्हा फडात येते. खाड्याच्या आणि दर महिन्याच्या त्रासाच्या या कात्रीतूनच गर्भाशय काढून टाकण्याचा तो भयंकर प्रकार बीडमध्ये फोफावला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे २०१९ मध्ये जी पाहणी आली, तीत सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती.

या बाईला मातृवंदनेचे पाच हजार मिळवायचे तर गावात नोंदणी हवी, तपासणी हवी, माता-बाल संरक्षण कार्ड हवं, आधारला जोडलेलं खातं हवं. दुसऱ्या हप्त्यासाठी बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लशींचा पहिला फेरा पुरा झालेला हवा. गाव बीडमध्ये, बाळंतपण कोल्हापूरच्या फडावर किंवा थेट कर्नाटकात, कार्ड घरच्या पेटीत. इकडची आशाताई म्हणते तिकडून नोंद आणा, तिकडची अंगणवाडीताई म्हणते तुमचं नाव आमच्या यादीत नाही. दोघींनाही दोष देववत नाही. त्यांनाही मिळतं ते मानधनच. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, बाई परत येते तेव्हा बाळ पाच महिन्यांचं असतं आणि लशींचे रकाने कोरे.

याच महाराष्ट्रात याहून शहाणपणाचं एक काम झालेलं आहे, म्हणून राग जास्त येतो. २०१५ मध्ये आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, भाजी, सोबत अंडं किंवा लाडू. अंमलबजावणीच्या तक्रारी असतील, देयकं थकत असतील. पण कल्पना बघा. पाकीट घरी दिलं की ते आमटीसारखं सगळ्या घरात वाटलं जातं, कधी शेरडाच्या पुढ्यातही जातं. इथे ताट तिच्यासमोर येतं आणि ती तिथेच बसून जेवते. घरात सगळ्यांचं उरकल्यावर जेवणारी बाई निदान एक वेळ आधी जेवते.

घरातली ही पंगत सरकारने लावलेली नाही. ‘जास्त खाल्लं तर पोर मोठं होईल आणि बाळंतपण अडेल’, असं सांगून सातव्या महिन्यात तिच्या पानातली भाकरी अर्धी करणारे आपणच. डोहाळजेवणासाठी हॉल घेतो, छायाचित्रकार ठरवतो, आणि सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आठ सांगितलं तर ‘आमच्या घरात सगळ्यांचं कमीच असतं’ म्हणून मोकळे होतो. शहरातल्या वाचकाने आणखी एक गोष्ट तपासून पाहावी. घरी कामाला येणारी बाई पाचवा महिना लागल्याचं सांगते तेव्हा आपण काय करतो? बहुतेक घरांत आधी बदली बाई शोधली जाते. जाताना तिला आपल्या नातवाची जुनी झबली देतो, दोनशे रुपये वर ठेवतो, आणि पगार त्या दिवसापासून बंद. मातृत्व लाभ कायदा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, पण तीन महिने निम्मा पगार चालू ठेवायला कायदा कशाला लागतो?

मागणी म्हणून मांडायचं तर ती मोठी किचकट नाही. अपत्याचा क्रमांक आणि लिंग दोन्ही अर्जातून काढावेत. रकमेतला मोठा भाग गरोदरपणातच द्यावा. २०१३ चे सहा हजार कायम न ठेवता रक्कम किमान वेतनाला बांधावी, म्हणजे खाडा भरून निघेल. नोंद बाईसोबत फिरावी, फडावरच्या अंगणवाडीने तिला परगावची म्हणून परत पाठवू नये. हे मंत्रालयात व्हायचं तेव्हा होईल, त्यासाठी भांडत राहावं लागेल.

तोवर गावाच्या हातात काही आहे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के पैसा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. अनेक ठिकाणी तो शिलाई यंत्रांवर आणि हळदीकुंकवाच्या वाणावर जातो. उसाला जाणाऱ्या गावांनी दसऱ्याआधीच्या ग्रामसभेत गरोदर बायकांची यादी वाचावी. पहिलटकरीण असो की चौथ्या खेपेची, जिला थांबायचं आहे तिच्या खाड्याची रक्कम या पैशातून आणि वर्गणीतून मुकादमाकडे भरावी. जिला जावंच लागणार तिचं कार्ड, औषधं आणि लशींच्या तारखा तिच्या हाती द्याव्यात, आणि ज्या कारखान्याच्या फडावर ती उतरणार तिथल्या आरोग्य केंद्राला गाडी निघण्याआधी फोन करून तिचं नाव सांगावं.